जाळी कोणी काढली

२३ ऑगस्ट १९७१, सोमवार

दुबे सरांनी आज शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या जोड्या लावल्या. माझी जोडी रत्नाकरशी लागली. वर्गात दोन-चार जणांची तोंडं उतरली, कारण रत्नाकर सगळ्यांनाच हवा होता. प्रत्येक जोडीने कामाची एक वही ठेवायची आहे. ती रत्नाकर ठेवेल, त्याचं अक्षर आणि डोकं दोन्ही माझ्याहून बरं आहे. ही वही माझी एकट्याची. हिच्यावर सरांची सही होणार नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

विषय रत्नाकरनेच निवडला. गियर न वापरता एका शाफ्टची ताकद काटकोनातल्या दुसऱ्या शाफ्टला द्यायची. दोन्ही शाफ्टच्या टोकांना एकेक जाड लोखंडी चकती, चकतीत तीन-तीन भोकं. काटकोनात वाकवलेल्या तीन सळया घ्यायच्या, प्रत्येकीचं एक टोक या चकतीत आणि दुसरं त्या चकतीत. एक चकती फिरली की सळया भोकांतून आत-बाहेर सरकत दुसरीला फिरवतात. दात कुठेच नाहीत. वाकवलेली सळई हाताच्या कोपरासारखी दिसते, म्हणून आम्ही त्याला कोपर म्हणून राहिलो.

बाबा फौजेचा माल बनवणाऱ्या फॅक्टरीत चार्जमन आहेत, एक सेक्शन त्यांच्या हाताखाली आहे. ते सांगतात, बाहेरून येणारे गियर अडकले की मशीन आठवडे आठवडे बसून राहते, आणि सध्या तर दोन पाळ्यांत काम चालू आहे. आमचं कोपर मोटरच्या ताकदीवर चाललं तर फॅक्टरीवाले बघायला येतील. मी हे रत्नाकरला म्हटलं तर तो हसला. त्याला फक्त ते फिरताना पाहायचं आहे.

९ सप्टेंबर, गुरुवार

फिरत नाही. हाताने फिरवलं तर अर्धा फेरा होतो आणि अडकतं. सळया तीनदा नव्याने वाकवल्या. रत्नाकर गुण्या लावून एकेक कोपरा तपासतो, मी वैतागून बाहेर चहाला जातो. आज सरांना सांगून विषय बदलू या म्हटलं. तो म्हणाला, "तुला बदलायचा तर बदल, मी याचा पिच्छा नाही सोडत." बदलला नाही.

२६ सप्टेंबर, रविवार

रत्नाकरची फौजेत निवड झाली. इलाहाबादच्या मुलाखतीतून आपल्या कॉलेजचा तो एकटाच. आता मेडिकल तेवढं बाकी. परीक्षा झाली की थेट ट्रेनिंग.

पेढे खायला नेपियर टाउनला त्यांच्या घरी गेलो होतो. वडील रेल्वेत होते, ते गेल्यापासून घर बहिणीच्या, विनताच्या शाळेतल्या नोकरीवर चालतं. अनसूयाकाकू सारख्या डोळे पुसत होत्या, आनंदाने की भीतीने कळलं नाही. सगळीकडे लढाईचीच बोलणी आहेत. विनताने मला विचारलं, तुमचं पुढे काय? मी म्हटलं, बघू. परत येताना घरी रांझीपर्यंत सायकल फार जड वाटली. मला त्याचा आनंद झाला आहे, हे इथे लिहून ठेवतो.

२५ ऑक्टोबर, सोमवार

फिरलं!

दोष सळयांचा नव्हताच. वर्कशॉपचा अटेंडंट विष्णू महिनाभर आमची खटपट पाहून राहिला होता. आज म्हणाला, "भैया, भोकं अलग-अलग काहून पाडता? दोन्ही चकत्या एकावर एक बांधा अन् एकदमच पाडा." तसं केलं. नव्या चकत्या, नवी भोकं, त्याच सळया. मोटरचा पट्टा लावला, विष्णूने भिंतीवरचा खटका दाबला आणि कोपर फिरायला लागलं. तिन्ही सळया चकतीतून अशा सरकतात की डोळा ठरत नाही.

विष्णू सात वर्षं टेम्पररी आहे, यंदा पक्का होईल म्हणतात. त्याचा मोठा भाऊ गणपत बाबांच्या हाताखाली आहे. रत्नाकरने वहीत ‘ही सूचना विष्णू यांची’ असं लिहिलं. मला ते गरजेचं वाटलं नाही.

एक अडचण आहे. सळया लवकर कोरड्या पडतात, चालू मशीनवरच तेल द्यावं लागतं. रत्नाकरने म्हणून वरून जाळीचा डबा बनवला, चार नटांनी बसवायचा. त्याला वर एक भोक, त्यातून लांब चोचीच्या कुपीने तेल सोडायचं. तो मनगट जाळीवर टेकवतो आणि न बघता बरोबर थेंब पाडतो. मी म्हटलं, कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसतं. तो म्हणाला, दिसू दे, जाळीशिवाय हे चालवायचं नाही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

आजचा दिवस माझा होता.

फॅक्टरीचे मोठे साहेब प्रोजेक्ट पाहायला येणार, हे शनिवारी कळलं. रत्नाकर मेडिकलसाठी इलाहाबादला, तो उद्या संध्याकाळच्या गाडीने येईल. म्हणजे दाखवायचं मीच. सकाळी लवकर जाऊन मशीन पुसली. ब्लॅकआउटसाठी वर्कशॉपच्या काचांना काळा कागद चिकटवून टाकला आहे, दिवसाही आत अंधार. त्यात वर जाळी. सळया कशा सरकतात ते काहीच दिसेना, नुसती घरघर. विष्णूकडून पाना घेतला आणि जाळी काढून बाकाखाली ठेवली. विष्णू म्हणाला, परत लावून द्याल ना भैया? मी म्हटलं, मी लावतो.

साहेब आमच्या मशीनपाशी दहा मिनिटं उभे राहिले. दुसऱ्या कोणाजवळ दोन मिनिटंही नाही. वाकून पाहिलं, प्रश्न विचारले. भोकं एकदम पाडायची कल्पना कोणाची, असं विचारलं तेव्हा मी ‘आमची’ म्हणालो. त्यांनी खिशातल्या डायरीत माझं नाव आणि बाबांचा सेक्शन लिहून घेतला. दुबे सर मला साहेबांबरोबर चहाला घेऊन गेले. तिथून उशीर झाला, तसाच घरी आलो.

बाबांना सांगितलं. जेवताना त्यांनी माझ्या पानात स्वतः भाजी वाढली.

२४ नोव्हेंबर, बुधवार

रत्नाकरचा उजवा हात मशीनमध्ये गेला.

मी अकराला पोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. पहिली दोन बोटं मुळापासून आणि तिसरं अर्धं. तेल देत होता.

जास्त लिहिता येत नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. हाताला केवढं मोठं पांढरं बांधलं आहे. रत्नाकर शुद्धीत आहे, पण गुंगीत. फौजेचं आता काही उरलं नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. काकू पलंगाच्या पायाशी बसून होत्या. विनताने विचारलं, "त्यावर जाळी होती ना? दादा तर नेहमी सांगायचा जाळीचं." मी म्हटलं, मी त्या वेळी तिथे नव्हतो. हे खरंच आहे. मी त्या वेळी तिथे नव्हतो.

काल मी कॉलेजला गेलो नाही. मंगळवारीही गेलो नव्हतो. बाबांनी कोळसा आणायला पाठवलं होतं. कॉलेजला गेलो असतो तर सकाळीच जाळीचं काम झालं असतं. नेमकं मंगळवारीच काहून काम निघावं?

तसं पाहिलं तर रत्नाकरने स्वतः बघायला हवं होतं. मशीन त्याची आहे, त्याच्याइतकी तिची माहिती कोणाला? पण तिथे खरोखर अंधार होता. आणि हात त्याच्या सवयीने गेला असणार.

३० नोव्हेंबर, मंगळवार

चौकशी झाली. प्राचार्य, दुबे सर आणि ऑफिसचे एक जण. आधी विष्णूला बोलावलं. दार उघडंच होतं, बाहेर बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. खटका तू दाबला? हो साहेब, रत्नाकरभैयांनी आवाज दिला म्हणून दाबला. दाबण्याआधी मशीन पाहिली? विष्णू गप्प. जाळी कोणी काढली? विष्णू म्हणाला, "मालूम नाही साहेब."

त्याने माझं नाव घेतलं नाही. त्याच्या लक्षात नसेल. दिवसभरात पन्नास मुलं त्याच्याकडे पाने मागतात.

मग मला बोलावलं. साहेब आले त्या दिवशी जाळी होती की नव्हती? मी घरून ठरवून गेलो होतो की खरं सांगायचं. रस्ताभर वाक्यंही जुळवली होती. पण दुबे सरांनी प्रश्न विचारतानाच मान थोडी हलवली, जणू त्यांना उत्तर लवकर संपायला हवं होतं. ते स्वतःही तेव्हा मशीनपाशी उभे होते. मी म्हणालो, नक्की आठवत नाही सर. त्यांनी लगेच कागद उलटला. चार मिनिटांत मी बाहेर.

४ डिसेंबर, शनिवार

काल लढाई सुरू झाली. फॅक्टरीत सगळ्यांच्या रजा रद्द. बाबा कालपासून बारा-बारा तास काम करून राहिले. संध्याकाळ झाली की रांझीभर काळोख, पोरं ओरडत फिरतात, दिवा बंद करा.

कॉलेजच्या फळ्यावर चौकशीचा निकाल लागला. मशीन सुरू करण्यापूर्वी जाळी तपासणं हे अटेंडंटचं काम होतं, ते त्याने केलं नाही, म्हणून त्याला कामावरून कमी केलं आहे. फळ्यासमोर गर्दी नव्हती. लोक बातम्या ऐकायला रेडिओपाशी होते. लढाई नसती तर हा कागद सगळ्यांनी वाचला असता, कोणी काही विचारलंही असतं.

विष्णू वर्कशॉपच्या पायरीवर बसून कुलपांच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होता, कोणती कुठली ते नव्या माणसाला कळावं म्हणून. मला पाहून उठून उभा राहिला. मी म्हटलं, विष्णू, वाईट झालं. तो म्हणाला, "रत्नाकरभैयांकडे जाता ना? त्यांना सांगा, मी येऊन गेलो होतो दवाखान्यात, ते झोपले होते तेव्हा."

८ डिसेंबर, बुधवार

बावीस तारखेचं पान पुन्हा वाचलं. फाडावं वाटलं. फाडलं नाही. फाडून काय होणार, मला तर पाठ आहे.

बाबांना सांगावं का? जेवताना ओठांवर आलं होतं. पण ते तेव्हाच म्हणाले की साहेबांनी माझी विचारपूस केली, पुढच्या भरतीत सुपरवायझरच्या जागा आहेत. आई देवापाशी साखर ठेवून आली.

१२ डिसेंबर, रविवार

रत्नाकरला घरी आणलं आहे. त्याने निरोप पाठवला म्हणून गेलो.

तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. खूप वाळला आहे. विनताने कागद आणि दौत आणून माझ्यापुढे ठेवली. तो म्हणाला, प्राचार्यांना पत्र पाठवायचं आहे, डाव्या हाताने अजून जमत नाही, तू लिही. पत्र इंग्रजीत होतं, इथे मतलब लिहितो. विष्णू सात वर्षं नेकीने काम करून राहिला, त्याच्यावर झालेली कारवाई चुकीची आहे. इथवर मी भराभर लिहिलं. मला बरंच वाटत होतं, की कोणीतरी त्याच्यासाठी बोलून राहिलं.

मग तो म्हणाला, "पुढे लिही. मशीनची जाळी मी स्वतः काढली होती आणि विष्णूला ते माहीत नव्हतं."

मी वर पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता, रागाने नाही, वाट पाहिल्यासारखा. विनता दारात उभी होती.

"लिहिलं?"

"तारीख लिहायची का?" मी विचारलं.

"लिही. बावीस नोव्हेंबर."

"बावीसला तू इलाहाबादला होता."

"हो," तो म्हणाला. "मग तू सांग, कोणती लिहायची."

मी तेवीस लिहिली. तेवीसला संध्याकाळी त्याची गाडी आली होती, त्यामुळे ते जुळतं. त्याने कागद मागून घेतला, सगळा वाचला, त्या तारखेवर थोडा जास्त वेळ थांबला आणि डाव्या हाताने सही केली. सही करायला त्याला पाऊण मिनिट लागलं असेल. सबंध वेळ मी कागद दाबून धरला होता. मग विनताने दौत उचलली. ती मला चहा विचारायची नेहमी, आज विचारला नाही.

औषधांच्या गुंगीत तारखा मागेपुढे होतात. त्याला खरंच वाटत असेल की जाळी आपणच काढली. किंवा विष्णूची दया आली असेल, रत्नाकरचा स्वभावच तसा. मला बोलावलं कारण माझ्याशिवाय बोलावणार कोणाला?

१३ डिसेंबर, सोमवार

पत्र प्राचार्यांना नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. अक्षर कोणाचं विचारलं, मी माझं म्हणालो. मग म्हणाले, "तुम्ही त्याचे पार्टनर आहात. यात लिहिलं ते बरोबर आहे?"

"हो सर."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. वाईट वाटतं म्हणाले, एवढा हुशार मुलगा. विष्णूला एक तारखेपासून परत घेतील. पण रत्नाकरच्या चुकीमुळे अपघात झाला असं आता विद्यापीठाला कळवावं लागेल, त्याचं प्रोजेक्ट रद्द होईल, वर्ष जाईल. कॉलेज त्याला ड्रॉइंग ऑफिसच्या कामासाठी शिफारस देणार होतं, तेही आता कठीण. माझं प्रोजेक्ट वेगळं धरून मी एकट्याने सादर करायचं आहे.

मी बाहेर आलो आणि बराच वेळ सायकलचं कुलूप उघडेना.

१७ डिसेंबर, शुक्रवार

काल ढाक्यात शरणागती झाली. आज सगळं शहर रस्त्यावर. बाबांना दोन आठवड्यांनी पहिली सुट्टी. दुपारी विष्णू आणि गणपत भेटायला आले. गणपतने बाबांच्या पायाला हात लावला. बाबांना कळेना की कशासाठी, ते म्हणाले, मी काही केलं नाही, मुलांनी पत्र नेऊन दिलं.

विष्णूला सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. गणपत पुढे होता. विष्णू हळू म्हणाला, "भैया, मी कोणाले नाही सांगितलं. गणपत बोलला होता, आमच्या चार्जमन साहेबांच्या पोराचं नाव घेऊ नको, मला त्यांच्या हाताखाली नोकरी करायची आहे. म्हणून नाही घेतलं. रत्नाकरभैयांना तेवढं सांगितलं. त्यांनी दवाखान्यात सीधं विचारलं, त्यांच्याशी झूठ नाही बोलता आलं."

"कधी विचारलं?"

"मला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे पाच तारखेला. पत्र बाराला.

मी सायकल काढून तसाच नेपियर टाउनला निघालो. कमानिया गेटकडून वाजतगाजत लोक येत होते, रस्ता मिळेना. पोचलो तेव्हा रत्नाकर अंगणात खुर्चीवर बसून पाटीवर डाव्या हाताने अ, आ गिरवत होता. खरंच अ, आ. शाळेतली पाटी, विनताने आणलेली असणार. मी म्हटलं, तुला माहीत होतं.

"हो."

"मग माझ्याकडून काहून लिहवून घेतलं?"

तो म्हणाला, "वाटलं होतं, तू लिहिणार नाहीस." मग म्हणाला, "लिहायला सांगताना दोनदा थांबलो होतो मी."

मी म्हटलं, मी आजच प्राचार्यांच्या घरी जातो, सगळं सांगतो, लेखी देतो. माझा आवाज चढला होता. त्याने पाटी मांडीवर उलटी ठेवली.

"आणि विष्णूचं काय? त्याने चौकशीत मालूम नाही म्हटलं, ते खोटं होतं, हे निघेल. पुन्हा चौकशी लागेल, पुन्हा त्याला बाहेर बसवतील, या वेळी झूठ बोलला म्हणून. विष्णूसाठी सांगायचं होतं तेव्हा तू नाही सांगितलं, नीलकंठ. आता तुला तुझ्यासाठी सांगायचं आहे. आता राहू दे."

मी उभाच राहिलो. मला वाटलं तो आणखी काही बोलेल, शिव्या देईल, हात दाखवेल. त्याने पाटी सुलटी केली आणि ‘आ’चा काना पुन्हा ओढायला घेतला. तो वाकडा जात होता. आतून काकूंनी विचारलं, कोण आलं आहे? तो म्हणाला, कोणी नाही.

परतताना गर्दीने मला सायकलसकट ओढून घेतलं. कोणीतरी कपाळाला, गालांना गुलाल फासला, दुसऱ्याने तोंडात जलेबी कोंबली. मी खाल्ली. घरी आलो तर आई दारातच उभी होती. माझं रंगलेलं तोंड पाहून हसली आणि म्हणाली, कुठे होतास इतका वेळ?

मी म्हणालो, मिरवणुकीत.